मेल एलियसच्या उजव्या बाजूला कोणाचा पत्ता आहे, ते आधी बघा

"पैसे मिळाले ना?" असं विचारायला आमच्या एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. बिल आम्ही पाठवलं होतं, पण पैसे आले नव्हते. त्यांनी मात्र ते आदल्या दिवशीच भरले होते, आमच्या 'नव्या बँक खात्यात'. असं खातं आम्ही काढलंच नव्हतं.

त्यांना आलेला मेल मी मागवून घेतला. पाठवणाऱ्याच्या डोमेनमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावात, आमच्या नावापेक्षा एक जोडरेघ जास्त, एवढाच काय तो फरक. बिलाचा क्रमांक, रक्कम, आधी झालेलं बोलणं, सगळं हुबेहूब. म्हणजे आमचे मेल कोणीतरी वाचत होतं.

पासवर्ड बदलले. लॉगिनच्या नोंदी पाहिल्या, अनोळखी आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एकही नाही. कोणीतरी खात्यात शिरलंय हेच डोक्यात घट्ट बसलं होतं, त्यात दोन दिवस गेले. शेवटी मेल सर्व्हरचा लॉग उघडला. आत येणाऱ्या प्रत्येक मेलला पोस्टफिक्स, म्हणजे सर्व्हरवर मेल पोचवणारं सॉफ्टवेअर, एक क्यू आयडी (रांगेतला ओळख क्रमांक) देतो. हिशेबाच्या पत्त्यावर आलेल्या मेलच्या आयडीखाली पोचवल्याच्या दोन ओळी होत्या. एक आमच्या मेलबॉक्सची. दुसरी बाहेरच्या, फुकट मिळणाऱ्या एका मेल खात्याची.

चार महिन्यांपूर्वी आम्ही दुसरं डोमेन घेतलं होतं. दोन्ही डोमेनवरचे चौकशी, हिशेब, ऑर्डर हे पत्ते एकाच जागी यावेत म्हणून ओळखीतून एक जण मिळाला. त्याने एका संध्याकाळी काम उरकलं. चाचणीचा मेल आला, आम्ही निर्धास्त झालो. व्हर्च्युअल एलियस म्हणजे एका पत्त्याचा मेल दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारी नोंद. त्या फाइलीत डावीकडे पत्ता असतो आणि उजवीकडे तो मेल कुठे पोचवायचा ते लिहितात. उजवीकडे स्वल्पविराम देऊन आणखी पत्ते जोडता येतात. हिशेबाच्या ओळीत आमच्या पत्त्यानंतर एक स्वल्पविराम होता आणि पुढे तो परका पत्ता. मेलची ही वाटणी सर्व्हर स्वतःच करतो, त्यासाठी कोणाला लॉगिन करावं लागत नाही. म्हणूनच पासवर्ड बदलून काही साधलं नाही.

त्याला विचारलं तर म्हणाला, "चाचणीसाठी टाकला होता, काढायचा राहिला." त्यानंतर फोन उचलणं बंद.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आला का ते पाहणाऱ्या तपासण्या) सगळं नीट लावलेलं होतं, तरी तो खोटा मेल अडला नाही. या तपासण्या आपल्या डोमेनचं नाव वापरून आलेला बनावट मेल पकडतात. जोडरेघवालं डोमेन खोटा मेल पाठवणाऱ्याच्याच मालकीचं असेल, तर त्याचा मेल त्या डोमेनच्या तपासणीत बिनबोभाट पास होतो.

कोणाकडूनही असं काम करून घेतलं असेल, तर ती फाइल आजच उघडा आणि उजवी बाजू ओळ न् ओळ वाचा. पोस्टफिक्सच्या सेटिंग दाखवणारी 'पोस्टकॉन्फ -एन' ही आज्ञा चालवून 'ऑलवेज बीसीसी' आणि 'रेसिपियंट बीसीसी मॅप्स' या सेटिंग कुठे लावल्यात का तेही पाहा, कारण तिथूनही गुपचूप प्रत जाते. पोस्टमास्टर, अ‍ॅडमिन, वेबमास्टर, होस्टमास्टर हे पत्ते तर विसरूच नका. डोमेन आपलंच आहे हे पटवून वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र घ्यायला हेच पत्ते चालतात, आणि नव्या डोमेनवर आमच्या पोस्टमास्टर पत्त्याचा मेल थेट त्या काम करणाऱ्याकडे जात होता. ग्राहकांना मी आता फोन करून सांगतो, की आमचं बँक खातं मेलवरून कधीच बदलणार नाही.

बँकेला आणि पोलिसांना त्याच दिवशी कळवलं, पण रक्कम तोवर पुढे गेली होती. एलियस काढायला एक मिनिट लागलं. दुसरं डोमेन मात्र परत मिळालेलं नाही. घाईत त्याने ते स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं आणि आम्ही पावतीसुद्धा मागितली नाही. एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते ठरवणारी नोंद, त्याच्या हातात आहे. त्या डोमेनचा पत्ता छापलेली आमची बिलं अजून लोकांकडे आहेत, आणि तिथे कोण काय पाठवतं ते आम्हाला दिसत नाही.