ॲलर्जीचं नाक, ॲलर्जीचे डोळे: ॲझेलास्टिन की फ्लुटिकासोन?

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला धूळ समजावून सांगायला नको. गोळीने झोप येते म्हणून स्प्रे आणि थेंबांकडे वळलेल्यांना डॉक्टर साधारण दोन वाटा सुचवतात: ॲझेलास्टिन या अँटिहिस्टामिनचा (ॲलर्जीच्या गोळ्यांच्याच जातीचं औषध) नाकात मारायचा स्प्रे, नाहीतर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा स्टिरॉइड स्प्रे. मी दोन्ही वापरलेत.

वेगात ॲझेलास्टिनला तोड नाही. पंधरा-वीस मिनिटांत शिंका आटोक्यात येतात. फ्लुटिकासोनला धीर लागतो. रोज नेमाने घ्यायचा, पूर्ण गुण दिसायला आठवडा-दोन आठवडेही जातात.

पण ॲझेलास्टिनची ती कडू चव! स्प्रे मारला की नाकामागून घशात उतरते आणि जिभेच्या मुळाशी ठाण मांडून बसते. वर आल्याचा चहा घेतला तर तोही काढा लागतो. मान जरा पुढे झुकवली, जोरात ओढलं नाही, तर कडवटपणा कमी होतो हे खरं. पण सकाळच्या घाईत, गाडी गाठायची असताना, एवढं कोण सांभाळणार? मी चहाआधीचा डोस टाळायला लागलो आणि दुपारी कापूरबावडीला शिंकांनी बेजार. काहींना ही चव जाणवतही नाही म्हणे, त्यांचा निकाल वेगळा लागू शकतो.

स्टिरॉइड स्प्रेत फ्लुटिकासोनचे दोन प्रकार मिळतात: फ्लुटिकासोन प्रोपिओनेटला फुलांसारखा वास असतो, फ्लुटिकासोन फ्युरोएटला तसा नसतो. मला फ्युरोएट मानवला. नोक मधल्या पडद्याकडे राहिली तर घोळणा फुटतो, म्हणून उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

स्टिरॉइड स्प्रेचा आणखी एक फायदा, ज्याने माझं पारडं झुकलं: नाक शांत झालं की डोळ्यांची खाजही उतरते, कारण नाकातल्या नसांमार्फत डोळ्यांना मिळणारी चिथावणी कमी होते. उरलेल्या खाजेला ओलोपाटाडिनचे थेंब, सकाळ-संध्याकाळ एकेक. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरला की औषध घशात उतरत नाही. लेन्स घालत असाल तर थेंबानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्या.

मेडिकलवाला ‘लगेच लाली जाईल’ म्हणत डोळ्यांत घालायला स्टिरॉइडचे थेंब देऊ लागला तर घेऊ नका. त्याने डोळ्यांतला दाब वाढू शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. नाक झटपट मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंबही तीन-चार दिवसांपुढे नकोत, नाहीतर नाक उलट जास्त चोंदतं.

माळा झाडण्यापुरताच त्रास असेल तर ॲझेलास्टिन पुरे. बारमाही धुळीत राहणाऱ्यांनी, मला विचाराल तर, आधी फ्युरोएटबद्दल डॉक्टरांशी बोलावं आणि निदान दोन आठवडे न चुकता घेऊन बघावा.