सेसना १५२ : नऊ महिने, ५२ तास आणि डावा मॅग्नेटो

सेसना १५२ या दोन सीटच्या छोट्या विमानावर मी उडायला शिकतोय. मे महिन्यात लागोपाठ दुसऱ्यांदा रन-अपवरूनच, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीवरूनच, परत यावं लागलं तेव्हा चिडून हे लिहायला घेतलं होतं. १७०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) चावी डाव्या मॅग्नेटोवर (प्लगना ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक) नेली की इंजिन थडथडायचं, ड्रॉप, म्हणजे एकाच मॅग्नेटोवर आरपीएम जितके पडतात ते, १२५ च्या आत हवा तो २०० च्या वर. मग वळा, पार्किंगला या, आणि बिलात हॉब्जचे (विमान किती तास चाललं ते मोजणारं मीटर) ०.३ तास लागलेच, एक फूटही न उडता! पै पै जमवून शिकणाऱ्याला हे फार लागतं हो.

तेव्हा पहिली ओळ लिहिली होती की १९८५ ला बनायचं थांबलेल्या विमानाला एवढे पैसे का मोजायचे. ती आता मागे घेतो.

झालं असं की एएमई काकांनी (विमानाची देखभाल करणारे इंजिनीअर) सिलिंडरचा खालचा स्पार्क प्लग काढून माझ्या हातावर ठेवला, आत शिशाचे राखाडी मणी अडकलेले. आपलं पेट्रोल १०० एलएल, एलएल म्हणजे लो लेड, कमी शिशाचं, पण लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतंच. खरं तर आधीच्या सेसना १५० चं इंजिन ८० ऑक्टेनच्या, आणखी कमी शिशाच्या पेट्रोलसाठीचं, म्हणूनच १९७७ च्या १५२ ला ११० हॉर्सपॉवरचं ओ-२३५ इंजिन दिलं, तरी फुल रिच मिक्श्चरवर (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) कमी आरपीएमला रेंगाळलात तर प्लग तापत नाही आणि शिसं धुराबरोबर निघून जायच्या ऐवजी तिथेच साचतं. आणि मी काय करत होतो, तर पंधरा पंधरा मिनिटं फुल रिचवर टॅक्सी, म्हणजे जमिनीवरच विमान चालवणं! म्हणजे चूक माझीच.

आता स्टार्ट झालं की १००० आरपीएम, मिक्श्चरचा लाल नॉब हळूहळू बाहेर (म्हणजे पेट्रोल कमी), आरपीएम किंचित चढून पडायला लागेपर्यंत. चांगला ओढायचा, अर्धवट नाही, म्हणजे विसरून थ्रॉटल दिला तरी इंजिन तिथेच गुदमरेल, रनवेवर दगा देणार नाही. टेकऑफच्या आधी मात्र चेकलिस्टप्रमाणे परत आत. जूनपासून १९ फ्लाइट झाल्या, एकही रद्द नाही. तुमच्या इन्स्ट्रक्टरना विचारूनच करा, पण विचारा नक्की.

बाकी, मी ८४ किलो, शिकवणारे सर ७८, आणि विमान, माणसं, पेट्रोल सगळं धरून कमाल वजन ७५७ किलो, त्यामुळे टाकी फुल करता येत नाही आणि खांद्याला खांदा घासतो. उन्हाळ्यात दुपारी चढताना जीव टांगणीला लागतो, सकाळी सातचाच स्लॉट घ्या. लँडिंगला गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) खूप सोसतो, माझे सुरुवातीचे दणके त्यानेच झेलले.

पुढच्या आठवड्यात १०० तासांचं इन्स्पेक्शन आहे, प्लग काढतील तेव्हा मी तिथेच उभा असणार, खालचे चारही बघायचेत.