हायवेवरचा मॉल: गोदाम की क्लासेस?

जळगावात हायवेलगतच्या ओस पडलेल्या मॉलचा सरकता जिना कधीचाच बंद आहे. पोरं त्यावर बसून शेंगा फोडतात. मे महिन्यात पारा 45 गाठला की थंड हवा खायला गर्दी व्हायची, पण कपडे घ्यायचे फुले मार्केटात आणि सोनं सराफ बाजारात. त्यात गाळे भाड्याने न देता सुटे विकलेले, म्हणजे जितके मालक तितकी मतं.

गोदाम केलं तर एसीचं बिल वाचेल, ट्रकही दारात येतील. पण वरच्या मजल्यांवर माल चढवणार कसा? लिफ्ट माणसांची. तळमजला भरेल, वर कबुतरं.

मला क्लासेस आणि अभ्यासिका पटतात. चोपडा, यावल, पारोळ्याची पोरं शिकायला इथे येतातच. गाळे आहेत तसे वर्ग होतील, सगळ्या मालकांची मोट बांधायला नको. फूड कोर्टात भरीत-पुरी. वांगी बामणोदची असली तर बघायलाच नको!

धास्ती फक्त आगीची. 2019 मध्ये सुरतेत अशाच व्यापारी इमारतीतल्या क्लासला आग लागून 22 जण गेले. इथला मागचा जिना आत्ता खोक्यांनी बुजलाय, दाराला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते वॉचमनलाही ठाऊक नाही.