बुकिंग नंबर त्याला बरोबर माहीत होता

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला तर रेकॉर्ड केलेला आवाज 'फॅसिलिटी', 'प्रीपेड', 'एक दाबा' असं काहीतरी बडबडत होता. स्पॅम म्हणून कट केला आणि कूस बदलली. तो फोन खरा होता. अमेरिकेतल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमधून माझा भाचा करत होता. त्यानंतर साडेसात तासांनी एका सभ्य आवाजाच्या माणसाचा फोन आला. त्याच्याशी मी 'सर, सर' करत पाऊण तास बोललो आणि त्याला २,१५० डॉलर दिले. तो चोर होता.

हे लिहायला चार महिने लागले. मी आयटीत आहे, दरवर्षी कंपनीचं फिशिंगचं, म्हणजे ऑनलाइन फसवणूक ओळखायचं, ट्रेनिंग शंभर टक्के मार्कांनी पास होतो. सांगणार कोणत्या तोंडाने?

भाचा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर इथे टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात नोकरी करतो. शनिवारी मित्राच्या साखरपुड्याची पार्टी होती. परतताना पोलिसांनी गाडी अडवली आणि दारू पिऊन चालवल्याबद्दल अटक केली. चूक त्याची. त्याबद्दल जे बोलायचं ते मी त्याला बोललोय, ते इथे नको. पावणेतीनला रूममेटचा फोन आला, "काका, त्याला घेऊन गेले." कोण? "पोलीस." कुठले पोलीस? ते त्याला सांगता येईना.

सांगलीत असतो तर ठाण्यासमोरच्या टपरीवर जाऊन उभा राहिलो असतो, कुणाच्या तरी ओळखीचा हवालदार शोधला असता. आपल्याकडे अटक झाली की घरच्यांना कळवायचं बंधन सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घातलंय. पाळतात किती, ते सोडा. इथे आरोपीला फोन करू देतात, घरच्यांना शोधत कुणी येत नाही. पण अटकेची नोंद मात्र सगळ्या जगाला उघडी. कुणाला गुपचूप उचलून गायब करता येऊ नये, हा त्यामागचा विचार, आणि तो मला आजही पटतो. नाव टाकायचं, की फोटो, आरोप, बुकिंग नंबर (जेलमधल्या नोंदीचा क्रमांक), जामिनाची रक्कम सगळं समोर. एवढं ऐकून होतो. नाव टाकायचं कुठे, तेवढं माहीत नव्हतं.

आधी टेक्सासच्या तुरुंग खात्याच्या साइटवर शोधलं. नाव नाही. अर्धा मिनिट हायसं वाटलं. नंतर कळलं, तिथे फक्त शिक्षा झालेले कैदी असतात. काल रात्री पकडलेला माणूस काउंटीच्या जेलमध्ये, किंवा त्याआधी शहराच्या पोलिसांच्या कोठडीत. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या, जिचा-तिचा शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) वेगळा, जेल वेगळं, यादी वेगळी. आमचं गाव तर दोन काउंट्यांत पसरलेलं.

मग गूगलवर 'जेल बुकिंग' आणि गावाचं नाव टाकलं. वरच्या चारही ओळी जाहिरातींच्या होत्या, हे रात्री तीन वाजता बिनचष्म्याच्या डोळ्यांना दिसलं नाही. पहिलीवर टिचकी मारली. निळा-पांढरा रंग, कोपऱ्यात ढालीसारखं चिन्ह, एकदम सरकारी थाट. भाच्याचं नाव टाकल्यावर एक पट्टी सरकायला लागली. 'कोर्टाच्या नोंदी तपासत आहोत', 'अटकेचे फोटो तपासत आहोत'. मध्येच एक इशारा: 'तुम्हाला धक्का बसेल अशी माहिती सापडू शकते. पुढे जायचं का?' माझ्या छातीत धडधड. पट्टी पूर्ण भरली आणि पडद्यावर आलं: अहवाल तयार आहे, फक्त एक डॉलर. एक डॉलर म्हणजे काय! कार्डाचा नंबर दिला, माझं नाव दिलं, ईमेल दिला, आणि 'या व्यक्तीबद्दल नवी माहिती आली तर कळवू' या चौकटीत माझा मोबाइल नंबरही दिला. अहवालात काय निघालं? भाच्याचे जुने तीन पत्ते आणि नातेवाईक म्हणून माझंच नाव. अटकेचा उल्लेखसुद्धा नाही. त्या एका डॉलरचे पाच दिवसांनी २९.९९ झाले, आणि महिनाभराने परत २९.९९. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं म्हणे.

पाच वाजता काउंटीच्या शेरीफची खरी साइट सापडली. फुकट. तिथेही नाव मिळेना. पासपोर्टवर भाच्याच्या नावामागे वडिलांचं नाव आहे, ते कारकुनाने आडनावाला चिकटवून एकच लांबलचक शब्द केला होता. आडनावाची फक्त पहिली चार अक्षरं टाकून बघावं, हे मला सहा वाजता सुचलं. आणि तो दिसला. साखरपुड्याचा मोतिया रंगाचा कुर्ता, वरची गुंडी तुटलेली, डोळे अर्धे मिटलेले. खाली बुकिंग नंबर, आरोप, आणि जामिनाच्या रकान्यात 'ठरलेला नाही'. अटक झाल्यापासून ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, तिथे रक्कम ठरते. नऊच्या सुमारास परत उघडलं तेव्हा आकडा आला होता: २,००० डॉलर.

बायको मुलांना मराठी शाळेत सोडायला गेली होती. मी एकटा. नऊ चाळीसला फोन.

"मी शेरीफ ऑफिसमधून सार्जंट अमुक बोलतोय." बिल्ला नंबर सांगितला. मग भाच्याचं पूर्ण नाव, तेच चिकटवलेलं, आणि बुकिंग नंबर, एकेक आकडा सावकाश. "तुमच्याकडे कागद-पेन आहे का? लिहून घ्या आणि पडताळून बघा." मी साइटवर बघितलं. बरोबर. आरोप बरोबर, अटकेची वेळ बरोबर, जामीन २,००० बरोबर. हा माणूस जेलमधला नाही अशी शंका घ्यायला जागाच उरली नाही. जी माहिती तासाभरापूर्वी मी स्वतः फुकटात, घरबसल्या, लुंगीवर बसून बघितली, तीच त्याने मला वाचून दाखवली, आणि मी तिला पुरावा मानलं. या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

त्याचं म्हणणं असं: भाच्याची ही पहिलीच वेळ, म्हणून न्यायाधीशांनी पायाला जीपीएसचा पट्टा लावून आज दुपारीच सोडायला मंजुरी दिली आहे. पट्ट्याची अनामत ९५० डॉलर, केस संपली की परत. नाहीतर सोमवारपर्यंत आत. "कामावर जायचं असेल ना त्याला? व्हिसावर आहे ना?" व्हिसाचं मी बोललोच नव्हतो. नावावरून अंदाजाने मारलेला खडा होता, पण माझ्या पोटात गोळा आला.

पैसे झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पाठवायच्या सेवेने, पाठवायचे. समोर नाव आलं ते एका बाईचं. मी विचारलं, काउंटीचं नाव का नाही? "आमच्या बाँड क्लार्क आहेत त्या. रविवारी कॅश काउंटर बंद असतो." फोन ठेवायचा नाही, लाइन रेकॉर्ड होतेय. मागे वायरलेसची खरखर, कुणीतरी लांबून आकडे पुकारतंय. ९५० गेले. दहा मिनिटांनी: सिस्टिममध्ये दिसतंय, भाचा दुसऱ्या काउंटीच्या हद्दीत राहतो, तिथल्या पट्ट्याचे आणखी १,२००. तेही गेले. तिसऱ्यांदा त्याने काहीतरी विम्याचं काढलं तेवढ्यात बायको आत आली. चप्पल काढता काढता तिने दोन मिनिटं ऐकलं आणि मराठीत म्हणाली, "अहो, जामीन दोन हजार म्हणालात ना? मग भरला का तो? हा पट्टा कुठे लिहिलाय?"

कुठेच लिहिला नव्हता. मी त्याला म्हटलं, मी तुम्हाला जेलच्या नंबरवर परत फोन करतो. त्याबरोबर आवाज बदलला: लाइन तोडलीत तर तुमच्यावरही वॉरंट निघेल. बायकोने माझ्या हातातून मोबाइल घेऊन बंद केला.

साइटवरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, आम्ही कुणाला फोन करून पैसे मागत नाही, जामीन जेलच्या खिडकीवर भरा, चोवीस तास उघडी असते. याच आठवड्यात असा प्रश्न विचारणारा मी तिसरा.

जेलच्या समोरच्या रस्त्यावर जामीनवाल्यांची दुकानं ओळीने उभी आहेत, भर दुपारी निऑनच्या पाट्या लावून. पूर्ण रक्कम भरली तर केस संपल्यावर ती परत मिळते, पण रविवारी बँका बंद आणि खिडकीवर कार्डाचं शुल्क वेगळं लागत होतं. म्हणून एका परवानाधारक जामीनवाल्याकडे गेलो. साधारण दहा टक्के घेऊन ते पूर्ण रकमेची हमी देतात, लहान रकमेला त्यांचा किमान दर असतो. त्याने २५० घेतले, ते परत मिळत नाहीत. हमीदार म्हणून माझी सही घेतली, शिक्क्याची पावती दिली. मी २,१५० ची गोष्ट सांगितली तर तो हसला नाही, म्हणाला, हे लोक सकाळी सहाला यादी उघडून बसतात, परदेशी नाव दिसलं की आधी तिथे. भाचा संध्याकाळी सातला बाहेर आला, बुटांच्या नाड्या हातात. पहिलं वाक्य: "मामा, मी दोनला फोन केला होता, तू कट केलास."

बँकेने हात वर केले. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, कुणी तुमच्या खात्यात शिरलं नाही. पोलिसांत तक्रार, एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे आणि एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीचं बघणारं सरकारी खातं) तक्रार, सगळं केलं. तक्रार क्रमांक मिळाले. पैसे नाहीत.

आता ओळखीत कुणावर ही वेळ आली की मला फोन येतो, तेव्हा सांगतो ते असं. आधी अटक कुठल्या पोलिसांनी केली आणि काउंटी कुठली ते काढा, त्याशिवाय शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं. शेरीफच्याच साइटवर जा, जिथे कार्ड मागतात तिथून उठा. बुकिंग व्हायला काही तास लागतात. बोटांचे ठसे, फोटो, सामानाची यादी झाल्याशिवाय नाव चढत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाने बघा आणि आडनाव तुकड्यांत टाकून बघा. व्हाइनलिंक नावाची मोफत सेवा आहे, बऱ्याच राज्यांतल्या जेलमधली माहिती तिथे मिळते. इमिग्रेशनवाल्यांनी नेलं असेल तर काउंटीत शोधू नका, त्यांच्या आइस या खात्याचा ऑनलाइन शोधक वेगळा आहे. तिथे ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला क्रमांक) किंवा नाव लागतं, आणि दोन्हीसोबत जन्मदेश. आणि रात्री येणारा तो कंटाळवाणा रेकॉर्ड केलेला आवाज कट करू नका.

सोमवारी वकील गाठा. टेक्सासमध्ये या आरोपात लायसन्स वाचवायला सुनावणी मागायची मुदत साधारण १५ दिवसांची असते. आणि व्हिसा असेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही विचारा. या अटकेवरून, निकाल लागायच्या आधीच, वकिलातीकडून व्हिसा रद्द होऊ शकतो. इथे राहता येतं, पण बाहेर गेलात की नव्याने व्हिसा. भाच्याचं यंदाचं गणपतीचं तिकीट त्यामुळे रद्द केलं.

पुढच्या आठवड्यात त्याला एक ईमेल आला. त्याचा तो कुर्त्यातला फोटो एका खासगी साइटवर चढला होता आणि काढायला ३९९ डॉलर मागत होते. वकिलाने दमडी द्यायची नाही म्हणून बजावलं: एका साइटवरून काढला की दुसरीवर चढतो. दिले नाहीत. फोटो आहे अजून.

सांगलीला ताईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिकीट कंपनीच्या कामामुळे रद्द झालं, एवढंच तिला माहीत. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती भाच्यासाठी आलेल्या एका स्थळाचं सांगत होती, मुलगी ऑस्टिनला असते. बोलता बोलता म्हणाली, "हल्लीचे मुलीकडचे आधी गूगलवर नाव टाकून बघतात म्हणे. खरं का रे?"

मी म्हटलं, बघतात काही जण.