चेनसॉ मॅन बॉक्स सेट (भाग १ ते ११) वाचून झाला, घ्यायचा का विचारणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात शेवटी घेतलाच हा सेट. विझ या प्रकाशकाची इंग्रजी आवृत्ती, अकरा पुस्तकं एका खोक्यात आणि सोबत दोन्ही बाजूंनी छापलेलं एक पोस्टर. पहिला भाग रात्री जेवण झाल्यावर दोन-चार पानं चाळू म्हणून उघडला आणि दीड वाजता बघतो तर तिसरा भाग हातात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तात्सुकी फुजिमोतोची मांगा (म्हणजे जपानी कॉमिक) आहे, डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०२० जपानच्या साप्ताहिक शोनेन जम्प या कॉमिक्सच्या मासिकासारख्या अंकात ९७ प्रकरणं आली आणि ती सगळी या अकरा पुस्तकांत आहेत. म्हणजे पहिलं पर्व पूर्ण आहे, कुठेतरी मध्येच लटकत राहायची भीती नाही.

हिरो डेन्जी, वय सोळा. बाप मेला आणि याकुझाचं (जपानी माफियाचं) कर्ज पोराच्या डोक्यावर ठेवून गेला. पहिल्याच प्रकरणात तो शांतपणे हिशोब सांगतो, झाडं तोडून महिन्याला ६० हजार येन मिळतात, किडनी १२ लाखाला गेली, उजवा डोळा ३ लाखाला, आणि एवढं करून अजून ३ कोटी ८० लाखांच्या वर बाकी. मी ते पान तीनदा वाचलं. आमच्या घरात आजोबांचं कर्ज बाबांनी फेडलंय, त्यांची पंचविशी-तिशी सगळी त्यातच गेली, त्यामुळे दुसऱ्याचा हप्ता आपल्या अंगावर घेऊन जगणं काय असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि या पोराची स्वप्नं काय, तर ब्रेडला जाम लावून खायचा. बस. तो आणि त्याचा पोचिता, हा कुत्र्यासारखा दिसणारा छोटा सैतान ज्याच्या कपाळातून करवत बाहेर आलीये, दोघं एक स्लाइस वाटून खातात आणि पोचिता त्याची स्वप्नं ऐकत बसतो.

पुढे डेन्जीला फसवून मारतात, तुकडे करून कचऱ्यात टाकतात, आणि पोचिता आपलं हृदय त्याला देतो. बदल्यात मागतो एवढंच की तुझी स्वप्नं मला दाखव. तिथून त्याच्या छातीवर एक दोरी येते, जनरेटर सुरू करायला ओढतात ना तशी, ती खेचली की डोकं आणि हात फाडून करवती बाहेर पडतात आणि पोरगा राक्षस होतो. फाडून हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय कारण त्याला दर वेळी दुखतं, रक्त जातं, रक्त संपलं की करवती चालत नाहीत आणि मग रक्त प्यावं लागतं. बाकीच्या कॉमिक्समध्ये राक्षस होणं म्हणजे ताकद मिळणं असतं, इथे ती मजुरी आहे, आधी झाडं तोडून अंग झिजवत होता आता सैतान कापून झिजवतोय, फक्त मालक बदलला, याकुझाच्या जागी सैतान मारणारं सरकारी खातं आलं. मला या सेटमधलं सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर हेच.

सैतानांचा नियमही भारीये. ज्या गोष्टीची माणसांना जितकी भीती तितका त्या नावाचा सैतान ताकदवान. म्हणून टोमॅटोचा सैतान किरकोळ आणि बंदुकीचा सैतान सगळ्या जगाला पुरून उरणारा.

आता खटकलेलं पण सांगतो. सुरुवातीच्या दोन-तीन भागांत डेन्जीचं मुलींच्या अंगाबद्दलचं बोलणं खूप येतं आणि मला ते नको झालं होतं. नंतर कळतं की लेखकाला त्यातून काहीतरी म्हणायचंय, हवं ते मिळाल्यावर डेन्जीला आतून रिकामं वाटतं आणि त्या खात्यातली त्याची बॉस माकिमा ते बरोबर ओळखते, पण तरी तिथपर्यंत पोचायला थोडा धीर धरावा लागतो. दुसरं म्हणजे मारामारीच्या काही पानांवर कोण कुणाला कापतंय ते पटकन कळत नाही, मागे जाऊन परत बघावं लागलं. आणि रक्त प्रचंड आहे. माझ्या सातवीतल्या भाच्याला मुखपृष्ठ बघूनच हवा होता, मी दिला नाही, अजून तीन-चार वर्षांनी देईन.

पण मधले भाग वाचताना हे सगळं विसरायला होतं. आकी, पॉवर (दोघं डेन्जीसोबत सैतान मारणारे) आणि डेन्जी एका घरात राहतात, भांडतात, स्वयंपाक कोण करणार, संडास कोण साफ ठेवत नाही वगैरे, आणि ज्या पोराला कधी घर नव्हतं त्याला नकळत घर मिळतं. फुजिमोतो हे कुठेच बोलून दाखवत नाही, नुसतं चित्रांत ठेवतो, एकही शब्द नसलेली पानंच्या पानं आहेत. डेन्जीला भेटणाऱ्या रेझे या मुलीचा भाग (पाचवा-सहावा) सुंदर आहे. आणि नववा भाग, बर्फात खेळणारी ती दोन पोरं, त्याबद्दल मी काहीच सांगणार नाही, तो वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

याच्यावरची ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) बघितलेल्यांनी घ्यायचा का? हो, घ्याच. २०२२ चे १२ एपिसोड साधारण पाचव्या भागाच्या सुरुवातीलाच संपतात. पुढचा रेझेचा भाग २०२५ च्या सिनेमात आलाय, आणि त्यानंतरचं सगळं, म्हणजे खरा घाव, तो कागदावर आहे.

वस्तू म्हणून सांगायचं तर सुटे अकरा घेण्यापेक्षा मला स्वस्त पडला. पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची, पहिल्यांदा मांगा घेताय तर वीसेक पानांत सवय होते. इंग्रजी सोपं आहे. माझ्या खोक्याचा एक कोपरा येताना चेपला होता, ज्या साइटवरून घेतला त्यांनी नुसत्या पातळ पुठ्ठ्यात पाठवला होता, त्यामुळे दुकानात हातात बघून घेता आला तर तसाच घ्या. दुसरं पर्व या खोक्यात नाही, ते बाराव्या भागापासून सुरू होतं आणि तिथे आसा मिताका नावाची नवीन मुलगी येते, तो मी कालच ऑर्डर केला.

आणि नववा भाग रात्री एकट्याने वाचू नका, दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर नकोच.