मिनी लेथ: गाडीचे भाग कमी, पुलर जास्त

“जुन्या गाडीचे न मिळणारे पार्ट घरी बनवायला लेथ घेतोय” असं कुणी म्हणालं की मी त्याला आधी थांबवतो. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीच्या कामासाठी मी ७ इंची मिनी लेथ (धातूचा तुकडा गोल फिरवून कापणारं छोटं मशीन) वापरतो. माझ्या मते या मशीनवर गाडीचे भाग थोडेच होतात. ते भाग काढायची-बसवायची हत्यारं, म्हणजे ओढून काढणारे पुलर वगैरे, मात्र भरपूर होतात. पैसे वसूल होतात ते तिथेच.

आधी मापं बघा, कारण जाहिरातीत सोयीचं तेवढंच असतं. बेडवर, म्हणजे मशीनच्या पायावर, साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब (कापायचा तुकडा) फिरतो हे खरं, पण क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) वर जेमतेम ११० मिमी उरतात. म्हणजे फ्लायव्हील आणि ब्रेक ड्रम विसरा. स्पिंडलचं, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या पोकळ दांड्याचं भोक २० मिमी, त्याहून जाड गज आरपार जात नाही, तुकडा कापूनच धरावा लागतो. बुश, कॉलर, स्पेसर, सील ठोकून बसवायचे दांडे (ड्रिफ्ट), यांना एवढं पुष्कळ झालं.

खोक्यातून काढलं आणि चालू केलं, असं हे मशीन नाही. वरचा चिकट थर पुसा, स्लाइड सुट्या करून आतली कच काढा, गिबचे (स्लाइडच्या फटीतल्या पट्टीचे) स्क्रू एकेक आवळत सैलपणा घालवा. यातलं काही न करता कट घेतला की मशीन थरथरतं आणि लोक त्यालाच शिव्या घालतात. पार्टिंग, म्हणजे लेथवरच जॉब कापून वेगळा करणं, मात्र सगळं जुळवूनही रडतंच. बेड हलकं आहे, त्याला इलाज नाही. मी हॅकसॉने कापतो आणि तोंड लेथवर साफ करून घेतो.

आता क्लचचं अलाइनमेंट टूल, म्हणजे क्लच प्लेट मध्यावर धरणारा दांडा. ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ म्हणून मिळणारं प्लास्टिकचं टूल म्हणजे फ्री साइझ टोपी, बसते सगळ्यांना, नीट कुणालाच नाही. क्लच प्लेट मध्यावर नसताना प्रेशर प्लेट आवळली, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक इंजिनाकडच्या पायलट बुशात शिरत नाही आणि गिअरबॉक्स छातीवर पेलत आपण गाडीखाली शिव्या हासडत बसतो. दोनच मापं लागतात: पायलट बुशाचं आतलं, आणि प्लेटच्या हबमधल्या स्प्लाइनच्या (उभ्या खाचांच्या) दात्यांच्या टोकांमधलं. दोन्हींपेक्षा ०.०५ मिमी कमी धरून ॲल्युमिनियमच्या गजावर दोन पायऱ्या कापायच्या. गोम एकच: दोन्ही पायऱ्या होईपर्यंत गज चकमधून (जॉब पकडणाऱ्या जबड्यातून) सोडायचा नाही. तीन जॉचा चक थोडा हलता फिरतोच, पण एका बैठकीत कापलेल्या पायऱ्यांचं केंद्र एकच राहतं. मध्येच उलटा करून धरलात की ते गेलं. माझं टूल प्लेटमधून थेट बुशात सरकतं, बोटाला खळखळ लागत नाही.

सायलेंट ब्लॉक (सस्पेन्शनचं रबरी बुश) ओढून काढायला थ्रेडेड रॉड, नट आणि पाइपचा तुकडा लेथशिवायही चालतो. पण ढकलणारी चकती बुशाच्या बाहेरच्या कवचापेक्षा किंचित लहान आणि समोरचा कप त्याहून थोडा मोठा, असं मापात केलं की बुश तिरकं होत नाही. रॉड ८.८ ग्रेडचा (जास्त मजबूत पोलादाचा) घ्या आणि आट्यांना ग्रीस लावा. साध्या रॉडचे आटे सोलून निघतात.

गाडीचे भाग म्हणाल तर गिअर लिंकेजचे झिजलेले बुश मी ॲसिटल या कडक प्लास्टिकमध्ये करतो, कारण नायलॉन पाणी शोषून फुगतं. तेल मुरलेलं ब्राँझचं बुश आतून कापत बसू नका, छिद्रं बुजतात. मापाचंच विकत घ्या. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काहीही घरी करायचं नाही, यावर मी वाद घालत नाही.

जुन्या इंची आट्यांबद्दल विचारणा होते. आटे पाडताना टूल पुढे नेणारा माझ्या मशीनचा लीडस्क्रू १.५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) आहे. १२७ दात्यांचं चाक नसेल तर सोबतच्या चाकांनी इंची पिच अगदी तंतोतंत जमत नाही, पण नटाच्या उंचीएवढ्या आट्यात तो फरक कळत नाही. आटे पुरे होईपर्यंत हाफ नट (टूलचा भाग लीडस्क्रूला जोडणारा नट) उघडू नका, मोटर उलटी फिरवून मागे या. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा, तेव्हा ६० अंशांचं टूल तिथे लावू नका.

कार्बाइडच्या टिपांपेक्षा साधं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल धार लावून वापरा. या मोटरला तेच झेपतं. आतली प्लास्टिकची गिअरं तुटतात म्हणून ओरड असते, पण जॉब अडकला की आधी तीच जातात आणि बाकीचं वाचतं. एक जोडी जास्तीची ठेवा. वरचे पैसे खर्चायचेच असतील तर चार जॉचा चक आणि डायल गेज घ्या. सेटमध्ये आलेला स्टेडी रेस्ट (लांब जॉबला मध्ये टेकू देणारा भाग) माझा अजून पिशवीतच आहे.