वजन खरंच उतरलं, तरीही ती फसवणूकच

पावडरचे शेक पाजणाऱ्या एका 'क्लब'चे लोक वजन उतरवून देतो म्हणाले आणि ते उतरलंच नाही, असं असतं तर हा प्रकार पंधरा दिवसांत उघडा पडला असता. आमच्याकडे वजन उतरलं. माझंही आणि सासूबाईंचंही. म्हणूनच पैसे जात राहिले आणि घरात कुणी शंका घेतली नाही.

सांगलीच्या विश्रामबागेत शंभर फुटी रस्त्याच्या मागच्या बाजूला, एका रहिवासी इमारतीतल्या टू बीएचकेमध्ये हा 'क्लब' चालायचा. बाहेर पाटी नाही. आत भिंतभर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. सकाळी सकाळी वीसेक माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली, नवीन कुणी आलं की टाळ्या. बॉडी चेकअप मोफत. शेजारच्या वहिनी घेऊन गेल्या होत्या. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचेही पैसे अडकलेत.

खरी मेख त्या मशीनमध्ये आहे. अनवाणी उभं राहायचं, हँडल धरायचं, की आकडे येतात. माझं वय ४६. मशीन म्हणालं, 'बॉडी एज' ६१, चरबी ३८ टक्के. कोच म्हणवणाऱ्या बाई आकडा वाचून गप्प बसल्या, नुसती मान हलवली. पोटात गोळा आला आणि तिथेच अर्धा सौदा झाला.

हे मशीन शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं. स्नायूंत पाणी जास्त, त्यातून प्रवाह सहज जातो. चरबी त्याला अडवते. त्या अडथळ्यावरून आणि आपण सांगितलेली उंची, वय, स्त्री की पुरुष यांवरून सूत्राने चरबीचा अंदाज निघतो. अंदाजच. पाणी प्यायलात, जेवून आलात, घाम गाळून आलात, तरी आकडा हलतो. दवाखान्यातही अशी यंत्रं असतात, पण तिथे त्या एका आकड्यावर कुणी डबा विकत नाही. वालचंदला इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या भाच्याने असाच एक काटा ऑनलाइन मागवला. माझी उंची चार सेंटिमीटर वाढवून टाकली, वय दहा वर्षांनी कमी केलं आणि म्हणाला, "मामी, उभी राहा आता." चहाचा कप हातात होता तेवढ्यात माझी चरबी उतरली आणि बॉडी एजही! हा प्रयोग आधी केला असता तर दिवाळीचा बोनस वाचला असता.

मग पावडर. ५०० ग्रॅमचा डबा २,४०० रुपयांना, त्यात वीस ग्लास. म्हणजे ग्लासाला १२० रुपये. डब्यावर मोठ्या अक्षरात १७ ग्रॅम प्रथिनं. मागे बारीक अक्षरातला तक्ता भिंगाने वाचला, तेव्हा कळलं की पावडरची ९ ग्रॅम, बाकीची ८ ग्रॅम आपण घातलेल्या पाव लिटर दुधाची. म्हणजे निम्मं काम आमचा गवळीच करत होता. दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. माझ्या ६२ किलोला ५१ ग्रॅम. डाळ, दूध, दही, अंडी, मूठभर शेंगदाणे यांत ती गरज भागते.

वजन मग उतरलं कशानं? कमी खाल्ल्यानं. सकाळी शेक, रात्री शेक, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी. दुधासकट एका शेकच्या सव्वादोनशे कॅलरी धरा, दुपारच्या जेवणाच्या पाचशे. दिवसाची बेरीज साडेनऊशे. बैठं काम करणाऱ्या बाईची गरज त्याच शिफारशीत १,६६० ची आहे. रोज सातशेची तूट, आठवड्याला ४,९००. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, म्हणजे आठवड्याला चरबी गेली सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. पहिल्या आठवड्यात काटा मात्र दोन किलोंनी खाली आला होता. वरचं बहुतेक पाणीच. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो, तो प्रत्येक ग्रॅमामागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं तुटलं की तो साठा संपतो, पाणी निघून जातं, आणि टाळ्या वाजतात. त्या पावडरीऐवजी दुधात काहीच घातलं नसतं तरी काटा खालीच आला असता.

इथवर नुकसान पैशांचं. सासूबाईंच्या बाबतीत ते जिवावर आलं होतं.

त्यांना मधुमेह आहे. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची गोळी असते. कोचबाईंना हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, गोळ्या चालू ठेवा, आपोआप सुटतील." ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात पुरेसं अन्न नसेल तरी ती तिचं काम करते. फेब्रुवारीतली गोष्ट. साडेअकराच्या सुमाराला आई सोफ्यावर बसल्या होत्या, ब्लाउज घामाने चिंब, हात थरथरत होते. मला विचारलं, "आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं गं?" बाहेर रखरखीत ऊन, नदीत पाणी तळाला. सांगलीकराच्या डोक्यातून पूर जात नाही हे खरं, पण त्यांची नजर वेगळीच होती. घरातल्या मशीनवर साखर पाहिली, ५२. सत्तरच्या खाली आली की ती धोक्याची. शुद्धीत होत्या, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग रिक्षाने मिरजेला डॉक्टरांकडे. कोचबाईंना फोन केला तर उत्तर आलं, "बॉडी डिटॉक्स होतेय, चांगलं लक्षण आहे." गोळी सुरू असताना जेवण कमी करायचं असेल तर आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर एवढं तरी वाचून दाखवा.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. मशीन नाही, पोस्टर नाही. त्यांनी काल सकाळपासूनचं खाणं सांगायला लावलं. पोळी केवढी, वाटी केवढी म्हणून पेले-वाट्या समोर मांडल्या. मी सांगून झालं असं वाटलं तेव्हा विचारलं, "चहा धरलात का? संध्याकाळचं भडंग?" नव्हतं धरलं. मग, घरात महिन्याला तेल किती? चार माणसांना पाच लिटर. त्यांनी तिथेच हिशोब मांडला : माणशी दिवसाला ३८ ग्रॅम, ग्रॅमाला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या साडेतीनशेच्या आसपास. त्या क्लबात इतके दिवस कुणी आमच्या घरात काय शिजतं ते विचारलंही नव्हतं.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा न उघडलेल्या दोन डब्यांचेच मिळाले, तेही ह्यांनी आवाज चढवल्यावर. 'कोच' होण्याच्या किटसाठी आमच्याकडून घेतलेले पैसे बुडाले. पक्कं बिल नव्हतं. वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा. मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न बिलाचाच आला.

डब्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर दाखवून "सरकारमान्य आहे" असं म्हणतात. तो अन्नव्यवसायाचा परवाना आहे, वजन उतरतं याचा दाखला नव्हे. आणि मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषध व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. म्हणून भिंतीवर तसं काही लिहीत नाहीत, तोंडी सांगतात किंवा व्हॉइस मेसेज पाठवतात. ते मेसेज डिलीट करू नका, आणि पैसे रोख न देता यूपीआयने द्या, म्हणजे तक्रारीच्या वेळी दाखवायला काहीतरी हातात राहील.